चारच्या आतली भुतं

१२ ऑक्टोबर, रविवार

लिहीन लिहीन म्हणत इतके दिवस टाळलं. ही वही नागपूरच्या बसस्टँडवर घेतली होती. तेव्हापासून तिच्यात एक फोन नंबर (कोणाचा ते आठवत नाही) अन् एका माशाचं चित्र, एवढंच. पेन नव्हता, वेळ नव्हता असं काही नाही. पहिल्याच पानावर वहिनीचं लिहावं लागेल म्हणून बसत नव्हती.

तर लिहून टाकते. पोळ्यानंतर वहिनी बांधावर गवत कापायला गेली. वाघानं नेली. झालं. लिहिलं.

मासा चांगला जमला आहे पण.

१३ ऑक्टो.

दादाच्या घरी आहे. सिंदेवाहीवरून आत, तलावाच्या पाळीखालचं गाव. तेरवीपुरती आली होती, राहूनच गेली. नागपूरचं काम सुटलं. बड्डेची सजावट करायची मी, फुगे, कमानी, झिरमिळ्या. मालकानं काढलं का मी सोडलं, दोन्ही खरं आहे. त्याआधी साडीचं दुकान. त्याआधी अहेरीला मैत्रिणीसोबत पार्लर, ते तर उघडलं अन् बंद पडलं. अहेरीचा बाजार मात्र भारी, तिथं एकदा एका बाईनं मला... जाऊ दे, ते नंतर.

आरू. दादाची पोरगी, दुसरीत आहे. आई गेल्यापासून उंबरठ्याबाहेर पाय ठेवत नाही. मागं परसात, सांदवाडीत जाते, तेही कुंपणाच्या आत, माझा हात धरून. शाळा नाही. शेजारच्या शेवंताबाईचं घर हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर, तिथंही नाही. दारात बसते अन् उंबरठ्याचं लाकूड नखानं घासते. एका जागी पांढरं झालं आहे.

दादा आज जेवताना बोलला, "दिवाळीच्या सुट्टीत बाहेर निघाली तं ठेवतो. नाई तं कुरखेड्याले मामाकडं धाडतो. मी वावरात जाऊ का हिच्याजवळ बसू?"

तिच्यासमोरच बोलला. ती भाताची शितं मोजून खात होती.

मामाकडं वाईट नाही. मामी जीव लावेल. पण मग दादा या घरात कोणाशी बोलेल? माझा तर काही भरवसा नाही. मीच सांगते.

१५ ऑक्टो., बुध

शेवंताबाईनं गावाचे नियम सांगितले. तलावातली मासोळी विकते, माशापेक्षा जिभेला काटे जास्त.

"आयक पोरी. चार वाजले का घरात. सरपणाले एकटं जाचं नाई. अन् फटाका वाजवाचा नाई."

"दिवाळीत पण?"

"दिवाळीत काय अन् शिमग्यात काय. फटाका वाजला म्हणजे वाघ आला. ज्याले दिसन त्यानं लड लावाची, बाकीच्यायनं काठ्या घेऊन धावाचं. दवंडी झाली."

यंदा दिवाळीनंतरची मंडईची जत्रा नाही, रात्रभराचं नाटक नाही. पोरं चार वाजता कोंबड्यांसारखी घरात जातात. नाल्याकडं फॉरेस्टवाल्यांनी पिंजरा लावला, आत बकरी. गार्ड तिला रोज पाला टाकून येतात. शेवंताबाई म्हणते बकरी मस्त जाड झाली, वाघ बाजूनं जाऊन राह्यला.

तलावावर आज खंड्या पाहिला. एकाच खांबावर इतका वेळ बसला की मीच कंटाळली.

१७ ऑक्टो.

आरू आज आपणहून बोलली. मी तिचे केस विंचरत होती.

"आत्या, आई वाघाच्या पुढं चालते का?"

कंगवा तिथंच राहिला. कोणी सांगितलं विचारलं. गोलूनं, खिडकीतून. गोलू समोरच्या घरचा, तिच्याच वर्गातला. वाघानं नेलेलं माणूस मग वाघाच्या पुढं पुढं चालते, त्याला ओळखीची घरं दाखवते. गावात पोरं हेच बोलतात. म्हणून आरूच्या दारासमोरून पळत जातात.

शेवंताबाईला विचारलं. ती जाळं निवडत होती, मान वर केली नाही. "म्हणते बाप्पा लोक. म्या का पाह्यलं?" पण वहिनीला नेलं त्या बांधाजवळून जाताना तीही झाडाची फांदी तोडून टाकते. सगळेच टाकतात. तिथं फांद्यांचा ढीग झाला आहे, खालची पानं वाळली, वरची हिरवी.

दादा ऐकून भडकला. "आपण विहारात जाणारे लोक. आपल्यात भूत नसते. समजलं ना आरू?"

तिनं मान हलवली. तो वावरात गेल्यावर मला हळूच म्हणते, "पण वाघाले तं मालूम नाई न, आपल्यात नसते म्हणून."

१९ ऑक्टो., रवि

झोपेतून उठताना सुचलं. नागपूरला मागच्या वर्षी एका सोसायटीत पोरांची भुताची पार्टी केली होती आम्ही. विदेशातला सण आहे, ऑक्टोबरच्या शेवटी. पोरं चादरी पांघरतात, तोंडं रंगवतात, कोरलेल्या कोहळ्यात, म्हणजे लाल भोपळ्यात, दिवा ठेवतात. एक पोरगा अंधाराला एवढा भ्यायचा की आईच्या कडेवरून उतरेना. त्याला चादर घातली, डोळ्यांना भोकं पाडली. मग चादर काढायलाच तयार नाही. तसाच घरी गेला, लिफ्टमध्ये वॉचमनला घाबरवत.

सगळी पोरं भुतं झाली तर? आरू पण. मग कोण कोणाला भिणार?

दादाला सांगितलं. 

"ज्या घरात माणूस गेलं त्या घरी भुताचा बड्डे करून राह्यली तू?"

"बड्डे नाही दादा. पार्टी."

"हं. मंग ठीक हाय."

हसला नाही. पण नाही पण म्हणाला नाही.

२१ ऑक्टो.

दिवाळी. आमच्याकडं तशीही साधीच असते. गावात पणत्या चारला लागल्या, उन्हात. उन्हात पणती दिसत नाही. हात जवळ नेला तर चटका बसतो तेव्हा कळते, लागली आहे.

आरूनं एक पणती उंबरठ्याच्या आतल्या बाजूला ठेवली.

२४ ऑक्टो., शुक्र

शाळेच्या सरांनी व्हरांड्याची किल्ली दिली. "चारच्या आत आटपा," एवढंच. ३१ ला, दुपारी. पोरं जमवली. त्यांच्या शंका लिहून ठेवते, नाही तर विसरेन.

एकाला चकवा व्हायचं आहे. चकवा दिसतच नाही, रस्ता भुलवते फक्त. मग त्याला रंगवायचं कसं? त्यानंच सांगितलं, मी येतच नाही, मग समजून घ्या.

एकीला हडळ, पण झगमग फ्रॉकवाली.

गोलू म्हणते, "भुताचे पाय उलटे असते. आमचे तं सरळे हाय. कोण भिणार?"  उलटे चाला म्हटलं. दोघं चालले अन् शाळेसमोरच्या हापशीवर आदळले.

मी म्हटलं रात्रीची मजा नाही येणार पण. गोलू म्हणते, "आमी चारच्या आतले भुतं."

शेवंताबाईनं कोहळं दिलं तिच्या मांडवावरचं. मी दात कोरत होती तर बसून पाहत होती. "कोहळ्याचे दात काढून राह्यली. सोताचं लग्न कवा करतं वो?"

"कोहळ्यासारखा भेटला का करतो बाई."

"भेटन. गावात लय हायेत, आतून पोकळ."

आरू दारातून हसली. आवाज आला नाही, पण दात दिसले. मी पाहिलं.

२६ ऑक्टो.

मास्क. उन्हाळ्यात एका संस्थेनं गावात वाटले होते, माणसाच्या तोंडाचे, प्लास्टिकचे. वावरात जाताना डोक्याच्या मागं बांधायचे. वाघ मागून येते, तोंड दिसलं का येत नाही म्हणे. आता घराघरात खुंटीला लटकून आहेत, कोणी घालत नाही. मी गोळा केले. पार्टीला रंगवू, फुकटचे मुखवटे.

आरूपुढं एक ठेवला. उलटसुलट करून पाहिला तिनं.

"आईनं घातला होता न हा?"

"हो."

"मंग?"

 मी रंग कालवायला लागली.

थोड्या वेळानं म्हणते, "याचे डोळे आंधळे हाय, आत्या. याले मागचं कुठी दिसते?" अन् माझ्या पिशवीतली काजळाची डबी घेतली. बाकी मास्कवर पोरांनी रक्त काढलं, सुळे काढले. हिनं फक्त डोळे. मोठे, काळे, कानापर्यंत. सगळी डबी संपवली. मी रागावली नाही. थोडी रागावली.

विचारलं, हा घालून येशील ना शाळेत? म्हणाली, "पाह्यतो."

पाह्यतो म्हणाली! दादाला सांगितलं. तो विळ्याला धार लावत होता, हात थांबला त्याचा. मग परत सुरू.

२८ ऑक्टो.

आज शाळेसमोर पोरांनी अट घातली. आरू नको.

सगळ्यांच्या वतीनं गोलू. "आत्या, ते आली तं तिच्या मागून तिची माय येईन. माय आली तं..."

"तर काय?"

"मंग वाघ."

माझं डोकं फिरलं. पार्टीच कॅन्सल म्हटलं, कोहळं शेवंताबाईच्या म्हशीला टाकते म्हटलं. एक पोरगी रडायला लागली. गोलू नाही रडला. तो खरंच भ्याला होता, ते दिसत होतं, म्हणून अजून राग आला. शेवटी म्हटलं, तीसुद्धा भूतच असेल ना त्या दिवशी, भुतामागं भूत लागत नाही, असा नियम आहे. हा नियम मी तिथंच बनवला. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं अन् मानलं.

घरी आली तर आरू दारात. सगळं ऐकू आलं होतं तिला. वारा इकडचाच होता.

३० ऑक्टो.

धान कापणी सुरू. सगळं गाव वावरात, टोळीटोळीनं. उद्या दुपारी घरी फक्त म्हातारे अन् पोरं. बरंच आहे, मोठ्यांची कटकट नाही.

फुगे फुगवले, तोंड दुखते. पांढरे, त्यांच्यावर भुताचे डोळे. कामाची सवय हाताला असते, मनाला नसली तरी. दोरीला ओळीनं बांधले तर वाटलं नागपुरातच आहे.

३१ ऑक्टो., शुक्र

झालं ते लिहिते.

आरूला चादर पांघरवली, वहिनीचीच जुनी पांढरी. कपाळाला तांदळाचं पीठ. मास्क हातात. उंबरठ्याशी आली. एक पाय उचलला.  समोर गोलू अन् दोघं तिघं, पीठ लावलेली, बघत.  गोलू एक पाऊल मागं सरकला.

तिनं पाय खाली ठेवला. आतच.

"तू जाय आत्या. मी इथून आवाज आयकतो."

शेवंताबाईला तिच्याजवळ बसवलं अन् गेली. जायला नको होतं का? पण पोरं उभी होती.

पार्टी चांगली चालली होती, हे खरं आहे. लाल सरबत रक्त म्हणून प्यायले. बांबूच्या कमट्यांची हाडं लपवली होती, ती शोधली. चकवा खरंच आला नाही, सगळे रस्ता भुलल्यासारखं करून राहिले, मग तो रडत आला की मला कोणी शोधून नाही राह्यलं. कोहळ्यात दिवा लावला. उन्हात तोही दिसत नव्हता, तरी पोरं तोंड घालून पाहत होती. मधेच मी शाळेच्या गच्चीवर गेली, तिथंच नेटवर्क येते, नागपूरहून काही आलं का पाहायला. उगाच. खाली आली तर पोरं फुग्यांखाली उभी, वर पाहत.

अन् माझ्या तोंडातून निघालं. प्रत्येक बड्डेच्या शेवटी निघते तसं. हात वर करून, हसत. एक, दोन, तीन, फोडा!

काठ्यांना टाचण्या मीच लावून दिल्या होत्या.

पूर्ण दोरी. लडीसारखी वाजली.

पहिल्यांदा मला काहीच कळलं नाही. पोरं नाचत होती. मग वावराकडून आवाज. मग सगळीकडून. माणसं पाळीवरून धावत, काठ्या, विळे, कोणी डबे वाजवत, पिंजऱ्याकडचे गार्ड, बायका पोरांची नावं घेत. व्हरांड्यात येऊन थांबले. समोर पीठ फासलेली पोरं, सुळे, रक्त, अन् मधे मी. हातात फुग्याची चिंधी.

गोलूच्या आईनं त्याला एक लावली. गालावरचं पीठ हवेत उडालं. ते हळूहळू खाली बसलं.

माझ्यावर कोणी ओरडलं पण नाही. एक म्हातारा धाप लागून खाली बसला, "नाई ना आला? नाई ना आला?" एवढंच विचारत.

दादा पाळीवरून उतरताना पडला. विळा पायात गेला.

१ नोव्हें.

दादाला सिंदेवाहीला नेऊन आणलं, टाके पडले. पाय टेकवू नको म्हणाले. धान उभं आहे.

काल आरू घरात दिसेना. शेवंताबाई म्हणाली आवाज झाला तशी आत पळाली, मी म्हातारी कुठी धावू? शेवटी धान साठवायच्या बांबूच्या रिकाम्या ढोलीत सापडली. गुडघ्यात डोकं, चादर तशीच अंगावर. काढायला गेली तर बांबूला घट्ट धरून.

"आई आली होती?"

"नाही ग. फुगे होते. माझे फुगे."

"घर दाखवाले आली होती का?"

मी पण ढोलीच्या बाहेर बसली मग. बराच वेळ. फुगे होते, फुगे होते. तिला पटलं नाही. मलाही बोलून बोलून खोटं वाटायला लागलं.

आज सकाळपासून ती दारातही आली नाही. उंबरठ्याची ती पांढरी जागा रिकामी.

दादा खाटेवरून म्हणाला, "मामाले फोन कर."

"दादा, मी राहते ना. कापणी मी..."

"नीतू." बस एवढंच. मग भिंतीकडं वळला. मग भिंतीलाच बोलल्यासारखं, "तू वाईट नाई करत काही. पण तू केलेलं पुरं कुठी होते?"

केला फोन. मामा उद्या संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला, रात्री मुक्काम, परवा सकाळी तिला घेऊन जाईल.

शेवंताबाई मासे देऊन गेली. पैसे घेतले नाही, टोमणाही मारला नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

२ नोव्हें., रवि

शाळेच्या व्हरांड्यात बसून लिहीत आहे. उद्या शाळा उघडते, सर म्हणाले साफ करून द्या. दोरी काढली, चिंध्या वेचल्या. कोहळ्याला बुरशी आली, दात आत वळले, म्हाताऱ्यासारखं दिसते. पोरांना बोलावलं नाही, बोलावून कोणी आलं नसतं. कोणाच्या घरी जाऊन माफी मागावी ते ठरवता येत नाही. सगळ्यांच्या म्हटलं तर संध्याकाळ होईल, अन् संध्याकाळी इथं कोणी दार उघडत नाही.

आरूची पिशवी सकाळी भरली. दोन फ्रॉक, पाटी, वहिनीचा फोटो. फोटो तिनं परत बाहेर काढून ठेवला. "बाबाजवळ राहू दे." घरात आता ती अन् दादा. दादाला गोळ्यांनी झोप लागली आहे.

गच्चीवर जाऊन आली. नागपूरच्या मालकाचा मेसेज. लग्नाचा सीझन आहे, ये, मागचं विसरू. येते म्हणून टाकलं. लगेच. विचारही केला नाही. दादा खरं बोलला.

इथून वहिनीचा तो बांध दिसते. फांद्यांचा ढीग आणखी उंच झाला आहे. त्यावर एक खंड्या बसून आहे. तोच का ते माहीत नाही. खंड्या सगळे सारखेच.

ऊन पाळीच्या अर्ध्यावर आलं. चार वाजायचे आहेत अजून. मामा लवकर आला की काय, वाटेनं कोणी

मामा नाही. लहान आहे.

तोंड दिसते. मोठे काळे डोळे, कानापर्यंत. पण चाल कशी तरी आहे. पाय उलटे पडून राह्यले. बोटं आधी टेकतात, मग टाच. पांढरं काही पांघरलं आहे, वाटेवर घासत येते.

आरू आहे.

मास्क डोक्याच्या मागं बांधला, तो शाळेकडं. खरं तोंड जंगलाकडं ठेवून उलटी उलटी चालत येऊन राह्यली. एकटी. घरापासून इथपर्यंत, झुडपांच्या कडेनं. आजूबाजूला कोणी नाही. काहीतरी बोलते, आवाज येते, 'आई' एवढं कळते, बाकी शब्द लागत नाहीत. माझ्याशी नाही बोलत. मी इथं आहे हे तिला दिसतही नसेल, पाठमोरी आहे. थांबते, जंगलाकडं पाहून बोलते, परत एक पाय मागं.

हाक मारावी तर दचकेल, पडेल, पळेल. कुठल्या बाजूला पळेल?

हापशीपर्यंत आली. तिथल्या एका दारात गोलू उभा आहे, तोही पाहून राह्यला.

मी चपला काढल्या. उतरते.